वर्गणीच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना: छोट्या मराठी प्रकाशन-डीटीपी कार्यालयासाठी मुक्त-स्रोत मार्ग

दिवाळी अंक काढणारी, वर्षाकाठी मोजकी पुस्तके छापणारी, संस्थेच्या अहवालापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळे जुळवून देणारी छोटी कार्यालये महाराष्ट्रात गावोगाव आहेत. दोन-तीन संगणक, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि फोनवर सतत येणाऱ्या फाइली. हे मार्गदर्शन अशा कार्यालयासाठी आहे. शाळा, पतसंस्था, वकिलाची कचेरी किंवा एकटा भाषांतरकार यांनाही यातला बराच भाग लागू पडेल.

सॉफ्टवेअर एकदा विकत घेऊन वर्षानुवर्षे वापरण्याचे दिवस आता जवळपास सरले. अडोबीने २०१३ मध्ये आपल्या डिझाइन-सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली, आणि इतर अनेक कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. दरमहाचा खर्च हा त्याचा दिसणारा भाग. अधिक गंभीर गोष्ट अशी की वर्गणी थांबली की प्रोग्रॅम थांबतो आणि त्यात तुम्हीच जुळवलेले, तुमच्याच लेखकांचे पुस्तक तुम्हाला उघडता येत नाही. काहीजण यावर 'क्रॅक' प्रतीचा मार्ग काढतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती वापरणे हा कैदेचा आणि दंडाचा गुन्हा आहे. शिवाय क्रॅकसोबत काय काय संगणकात शिरते ते कुणीच सांगू शकत नाही. लेखकांची हस्तलिखिते आणि ग्राहकांचे पत्ते असलेल्या संगणकावर ही जोखीम घेऊ नये.

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता सर्वांना खुली असते असे सॉफ्टवेअर, आज इतके पक्व आहे की अशा कार्यालयाचे बहुतेक काम त्यावर नीट होते. ते व्यावसायिक कामासाठी वापरायला, कितीही संगणकांवर बसवायला परवान्यानेच मुभा असते. तरीही प्रयत्न फसताना दिसतात, आणि कारण बहुधा एकच असते: लोक आधी प्रोग्रॅम बदलतात आणि फाइलींचा विचार नंतर करतात. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी फाइली मोकळ्या करा, त्यातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणा, मग एकेक प्रोग्रॅम बदला, आणि विंडोज वगैरे सगळ्यात शेवटी.

फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने नेमका हाच क्रम पाळला. २००५ मध्ये त्यांनी पत्रे-तक्त्यांसाठी ओपनऑफिस आणले, मग फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. माणसे या प्रोग्रॅमना सरावल्यावर, २००८ पासून, संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त-स्रोत कार्यप्रणाली बसवायला घेतली. हजारो संगणकांच्या दलाला जो धीर लागला, तो तीन संगणकांच्या कार्यालयानेही ठेवावा.

१. पैसे कुठे जातात ते शोधा

बँकेचे गेल्या बारा महिन्यांचे विवरण काढा. एकदोन महिन्यांच्या पानांत वार्षिक वर्गण्या सापडत नाहीत. यूपीआय ॲपमधील 'ऑटोपे'ची यादी पाहा. कार्डावरून आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना किमान २४ तास आधी देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे, तेव्हा जुने एसएमएस आणि ईमेल चाळले तरी यादी पुरी होते.

प्रत्येक वर्गणीसमोर लिहा: कोण वापरतो, नेमके कशासाठी, नूतनीकरण कधी, आणि त्यात कोणत्या प्रकारच्या फाइली तयार होतात. 'कशासाठी' हा रकाना जो वापरतो त्यालाच भरायला सांगा. 'फोटोशॉप लागतेच' असे उत्तर आले तर पुढे विचारा: त्यात काय काय करता? फोटो कापणे, उजळ करणे, पार्श्वभूमी काढणे, आकार बदलणे, एवढेच निघाले तर पर्याय सोपा आहे. रंगांचे बारीक काम, मोठे मॉन्टाज असे निघाले तर तो संगणक सर्वात शेवटी हाताळायचा.

नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान तीन महिने हाताशी ठेवा. काही करार वार्षिक असतात आणि फक्त हप्ता मासिक असतो. ते मध्येच मोडले तर शुल्क पडते. रद्द करण्याच्या अटी आजच वाचून तारीख कॅलेंडरवर टाका.

२. वर्गणी चालू असतानाच फाइली बाहेर काढा

हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळ्यात महत्त्वाचे आहे. वर्गणी संपल्यावर ते करता येत नाही.

अडोबीच्या इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅमच्या मूळ फाइली कोणताही मुक्त प्रोग्रॅम उघडत नाही. प्रत्येक पुस्तकाची आयडीएमएल प्रत (इनडिझाइनचेच देवाणघेवाणीचे स्वरूप) काढा, छापायला दिलेली पीडीएफ सोबत ठेवा, आणि आतला सगळा मजकूर आरटीएफमध्ये वेगळा जतन करा. आयडीएमएल पुढे स्क्रायबस या मुक्त पानमांडणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते; मांडणी तंतोतंत येत नाही, पण चौकटी आणि मजकूर येतो. इलस्ट्रेटर आणि कोरलड्रॉमधील चित्रे, बोधचिन्हे एसव्हीजी (रेखाचित्रांचे खुले स्वरूप) आणि पीडीएफ या दोन्ही रूपांत काढा. कोरलच्या मूळ फाइली इंकस्केप हा मुक्त रेखाटनाचा प्रोग्रॅम उघडू शकतो, मात्र छटा आणि परिणाम बिघडण्याची शक्यता असते. कोरल हाताशी आहे तोवर एसव्हीजी काढणे बरे. फोटोशॉपच्या थरांच्या फाइली गिंप आणि क्रिता हे मुक्त चित्र-प्रोग्रॅम उघडतात, तरी काही विशेष थर नीट येत नाहीत, म्हणून शेजारी सपाट केलेली टिफ प्रत हवी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती येऊन वीसपेक्षा जास्त वर्षे झाली, पण अनेक कार्यालयांत अजून त्याचेच काम चालते. तिथे मजकूर आरटीएफमध्ये आणि पाने पीडीएफमध्ये काढा.

वर्ड-एक्सेलच्या जुन्या फाइलींसाठी लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन संचातच सोय आहे: फाइल, विझार्ड्स, डॉक्युमेंट कन्व्हर्टर. एक फोल्डर दाखवला की आतल्या सगळ्या फाइलींच्या नव्या स्वरूपातल्या प्रती दुसऱ्या फोल्डरमध्ये तयार होतात.

मूळ फाइल कधीही पुसू नका. 'मूळ' आणि 'मोकळी' असे दोन फोल्डर ठेवा, आणि 'मूळ' एका वेगळ्या डिस्कवरही उतरवून ठेवा. सगळा संग्रह एका दमात करायचीही गरज नाही: ज्यांची पुनर्मुद्रणे होतात ती पुस्तके, चालू वर्षाचा अंक, दर वर्षी लागणारी प्रपत्रे आधी घ्या.

३. मराठी मजकूर युनिकोडमध्ये

इंग्रजी कार्यालयांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात हा टप्पा नसतो. आपल्याकडे खरी गाठ इथेच बसलेली आहे.

श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएममधले जुने फॉन्ट यांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे रंगवलेले असतात. तो फॉन्ट काढला की समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. शोध चालत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, ई-पुस्तक होत नाही, आणि ज्या पॅकेजसोबत तो फॉन्ट आला त्याच्याशी मजकूर कायमचा बांधलेला राहतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीचा विभाग ०९०० ते ०९७एफ. एकदा मजकूर तिथे आला की कोणताही संगणक, कोणताही फॉन्ट चालतो.

रूपांतराचे मुक्त आणि मोफत रूपांतरक उपलब्ध आहेत, जुन्या फॉन्टच्या पॅकेजसोबतही बहुधा एक असतो. फॉन्टचे पूर्ण नाव आधी टिपून घ्या, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांतील फॉन्टांची मांडणी वेगळी असते आणि चुकीची निवड केली तर मजकूर अर्धवट बरा दिसतो. अर्धवट बरा मजकूर पूर्ण बिघडलेल्या मजकुरापेक्षा धोक्याचा, कारण तो नजरेतून सुटून छापून येतो.

जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. रूपांतरकाला ही उलटापालट करावी लागते, आणि चुका तिथेच होतात. तेव्हा पहिले प्रकरण रूपांतरित केल्यावर या जागा मुद्दाम शोधा: 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्य' आणि 'आचाऱ्या', 'तऱ्हा', 'वर्षी', 'मूर्ती', 'ॲ' आणि 'ऑ', 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध', 'ह्य', 'ट्ठ'. अवतरणचिन्हे, डॅश आणि मराठी आकडेही पाहा. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील तर ते रूपांतरानंतर निरर्थक मराठी अक्षरे होऊन बसतात. अशी पाने आधी बाजूला काढून मराठी आणि इंग्रजी तुकडे वेगवेगळे हाताळा. एखादी चूक प्रत्येक पानावर एकसारखी होत असेल तर लिबरऑफिसच्या शोधा-बदला खिडकीतून ती सगळीकडे एकदम दुरुस्त होते. कवितासंग्रहात ओळींचे तुकडे सांभाळा. आणि काहीही झाले तरी मुद्रितशोधकाची एक फेरी धराच. रूपांतर झाले म्हणजे वाचन झाले असे नाही.

फाइलच उरली नाही, फक्त छापील प्रत आहे, असे पुस्तक असेल तर टेसरॅक्ट हा मुक्त-स्रोत ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर देणारा प्रोग्रॅम) मराठी वाचतो. तो आज्ञांवर चालतो, पण नॅप्स२ या स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममधून बटणांनी वापरता येतो; ओसीआरच्या भाषांमध्ये मराठी निवडून घ्या. ३०० डीपीआयला, सरळ ठेवून, चांगल्या उजेडात केलेले स्कॅन असेल तर काम पुष्कळ हलके होते. खिळ्यांच्या छपाईतली झिजलेली अक्षरे असली की चुका वाढतात.

आता टंकलेखन. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी) विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर उपलब्ध आहे, त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. वीस वर्षे मराठी टंकयंत्राच्या मांडणीवर हात बसलेल्या माणसाला एका रात्रीत इन्स्क्रिप्ट शिकायला सांगणे मात्र अन्याय आहे. त्यांच्या सवयीची मांडणी युनिकोडमध्ये देणारा कीबोर्ड बसवून द्या. नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून इन्स्क्रिप्टच शिकवा.

फॉन्टांची आता चणचण नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट, आयआयटी मुंबईतून आलेला शोभिका, गूगलचा नोटो, आणि खास मराठीसाठी आखलेला टिरो देवनागरी मराठी, हे सगळे मुक्त परवान्याखाली आहेत आणि पुस्तकात छापायला चालतात. एकाच धाटणीचे दोन परिच्छेद चार फॉन्टांत, खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात छापून बघा आणि मगच ठरवा. पडद्यावर देखणा वाटणारा फॉन्ट ११ पॉइंटला पुस्तकी कागदावर फिका पडू शकतो.

४. पत्रे, बिले, याद्या: लिबरऑफिस

लिबरऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळे झाले आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधपानावर सर्वात वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या दुव्यांवरून कोणतेही सॉफ्टवेअर घेऊ नका; लोकप्रिय मुक्त प्रोग्रॅमांच्या नावाने खोटी पाने उभी केली जातात.

बसवल्यावर लगेच या गोष्टी करा. टूल्समधील ऑप्शन्स उघडा, भाषांच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून मूळ भाषा मराठी निवडा. हिंदी नको. मराठी वळणाचे ल आणि श काही फॉन्टांत भाषा मराठी असेल तरच उमटतात. मग रायटरच्या (लिबरऑफिसचा लेखनाचा प्रोग्रॅम) विभागात 'बेसिक फॉन्ट्स, सीटीएल' मध्ये तुमचा मराठी फॉन्ट आणि आकार ठरवा.

इथे एक गोष्ट समजून घेतली नाही तर पहिल्याच दिवशी वैताग येतो. लिबरऑफिस इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे लक्षात ठेवते. तुम्ही शैलीत वरच्या चौकटीत १४ पॉइंट केलेत आणि मराठी मजकूर तसाच राहिला, तर बिघाड काही नाही. तुम्ही इंग्रजीचा आकार बदललात. शैलीच्या फॉन्ट पानावर दोन्ही चौकटी भरायच्या. एकदा हे कळले की हीच सोय आवडू लागते: इंग्रजी शब्द थोडा लहान, मराठी थोडा मोठा, हे प्रत्येक वेळी हाताने करावे लागत नाही.

वर्डची सवय असलेल्यांसाठी व्ह्यू, यूजर इंटरफेस, टॅब्ड निवडा. वरची पट्टी ओळखीची वाटू लागते. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया यांच्या मापाचे कार्लिटो आणि कॅलेडिया हे मुक्त फॉन्ट आहेत. ते असले की बाहेरून आलेल्या वर्ड फाइलींची पाने सरकत नाहीत. मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोश एक्स्टेन्शन म्हणून मिळतो. तो सगळे शब्द ओळखत नाही, विशेषतः प्रत्यय लागलेली लांब रूपे, तरी टंकनाच्या चुका भरपूर पकडतो.

जतन कोणत्या स्वरूपात करायचे? आपल्या घरातल्या फाइली लिबरऑफिसच्या स्वतःच्या स्वरूपांत, ओडीटी (मजकूर) आणि ओडीएस (तक्ते). बाहेर संपादन करायला पाठवायची प्रत वर्डच्या डीओसीएक्समध्ये, फक्त वाचायला पाठवायची असेल तर पीडीएफ. एकच फाइल रोज दोन्ही प्रोग्रॅमांत उघडून मागेपुढे करू नका, मांडणी हळूहळू बिघडते. ज्यांचे ग्राहक सतत वर्डमध्येच शेरे मारून परत पाठवतात त्यांनी ओन्लीऑफिसचे मुक्त-स्रोत संपादकही बसवून बघावेत. वर्डची मांडणी ते बरीच जवळून सांभाळतात.

अंकाच्या कार्यालयाला सर्वात उपयोगी पडते ती वर्गणीदारांची यादी आणि पत्त्यांची लेबले. कॅल्कमध्ये (लिबरऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्रॅम) नाव, पत्ता, पिनकोड, वर्गणी संपण्याचा महिना असे रकाने करा, ती फाइल डेटा-स्रोत म्हणून जोडा आणि फाइल, न्यू, लेबल्स या वाटेने लेबलांची पाने तयार करा. पिनकोडचा रकाना 'मजकूर' म्हणून ठरवा, नाहीतर आकडेमोडीच्या स्वरूपात जाऊन त्यात स्वल्पविराम शिरतात.

एक्सेलमधले मॅक्रो मात्र सगळे चालत नाहीत, आणि पॉवर क्वेरीवर उभ्या केलेल्या शीटा तर नव्यानेच बांधाव्या लागतात. अशी एखादीच शीट असेल तर तिच्यासाठी सगळे कार्यालय अडवून धरू नका. ती एका संगणकावर तशीच राहू द्या.

५. पुस्तकाची पाने, मुखपृष्ठ आणि छापखाना

साधी कादंबरी, कथासंग्रह, वैचारिक गद्य यांच्या आतल्या पानांसाठी वेगळ्या प्रोग्रॅमची गरज नाही. लिबरऑफिस रायटरमध्ये शैली नीट बांधल्या, डावी-उजवी पाने वेगळी ठेवली, प्रकरणाचे पहिले पान वेगळ्या शैलीत घेतले, तर एकरंगी छपाईसाठी उत्तम पीडीएफ निघते. तळटीपा, अनुक्रमणिका, सूची यांत रायटर स्क्रायबसपेक्षा सरस आहे असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त एक शिस्त लागते: एकाही ओळीला हाताने ठळक किंवा मोठे करायचे नाही, सगळे शैलीतून.

चित्रे, चौकटी, जाहिराती, अनेक स्तंभ असलेला अंक आणि रंगीत मुखपृष्ठ यांसाठी स्क्रायबस. जुन्या १.४ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे तुटत असत, आणि 'स्क्रायबस मराठीला चालत नाही' हा समज तेव्हाचा आहे. अक्षरजोडणीची नवी यंत्रणा १.५ च्या मालिकेत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली. तिच्यात मराठी नीट बसते. तेव्हा १.६ किंवा त्यानंतरचीच घ्या.

पहिले काम म्हणून अंकाऐवजी एक मुखपृष्ठ करा. नवे दस्त उघडताना पानाचा आकार म्हणून मलपृष्ठ, कणा आणि दर्शनी पृष्ठ मिळून होणारी एकूण रुंदी द्या; कण्याची जाडी छापखान्याकडून कागदानुसार विचारून घ्या. कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिलिमीटर जादा जागा ठेवा. परिच्छेद-शैली बनवून तिची भाषा मराठी करा. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा, म्हणजे १०० टक्के के, ठेवा. चारही शाया मिसळून केलेला काळा बारीक अक्षरांना छपाईत कडेने रंगीत सावली देतो.

चित्रांसाठी गिंप आणि क्रिता. गिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, आणि परिणाम नंतर बदलता येण्याची सोय तिच्यात मिळाली, जिची वाट छायाचित्रांवर काम करणारे वर्षानुवर्षे पाहत होते. गिंपचे मूळ काम आरजीबीत (पडद्याच्या रंगपद्धतीत) चालते; सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, रंगवायचेच असेल तर क्रिता घ्या. बोधचिन्हे, नकाशे, रेखाटने इंकस्केपमध्ये, पण तेही आरजीबीत काम करते, तेव्हा एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणून तिथे रंग सीएमवायकेत ठरवा. इंकस्केपमधील शीर्षकाक्षरे बाहेर पाठवताना 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून घ्या, फॉन्ट हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. संपादनासाठी मजकूर असलेली प्रत वेगळी जपा.

शेवटी स्क्रायबसचा प्रीफ्लाइट तपासनीस चालवा. कमी रिझोल्यूशनची चित्रे, चौकटीबाहेर गेलेला मजकूर, न सापडलेल्या फाइली तो दाखवतो. मग पीडीएफ/एक्स (छपाईसाठी ठरवलेले पीडीएफचे प्रमाण) काढा; छापखाना एक्स-१ए, एक्स-३ की एक्स-४ मागतो ते आधी विचारा, आणि त्यांच्या यंत्राचे रंग-प्रोफाइल मिळत असेल तर तेही घ्या.

छापखान्याशी बोलणे हा या टप्प्याचा गाभा आहे. 'आम्हाला कोरलची फाइलच लागते' असे काहीजण सांगतात. त्यामागे अनुभव असतो: फॉन्ट नसलेल्या, चुकीच्या रंगांच्या पीडीएफी त्यांना रोज मिळतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक पान नीट पीडीएफ/एक्स करून द्या, त्याची चाचणी-प्रत काढून घ्या आणि शेजारी बसून बघा. फॉन्ट आत आहेत, रंग सीएमवायकेत आहेत, कापणीच्या खुणा जागेवर आहेत, हे दिसले की बहुतेक छापखाने पुढच्या वेळी पीडीएफच मागतात.

स्क्रायबसचे उणेही सांगतो. कोष्टके अजून कच्ची आहेत; मोठे कोष्टक रायटरमध्ये करून पीडीएफ म्हणून आणणे सोयीचे पडते. फार मोठी फाइल मंदावते, म्हणून अंकाचे विभाग वेगवेगळ्या फाइलींत ठेवा. वर्तमानपत्रासारखे रोजचे, घाईचे, अनेक हातांचे काम असेल तर आजच्या घडीला मी बदलाचा सल्ला देणार नाही.

६. बाकीचे, थोडक्यात

पीडीएफची पाने जोडणे, तोडणे, फिरवणे: पीडीएफसॅम बेसिक किंवा पीडीएफ अरेंजर. शेरे मारणे: ओक्युलर. झिप-आरएआर उघडणे: सेव्हन-झिप. ईमेल: थंडरबर्ड. लेखकाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण: ऑडॅसिटी. प्रकाशनसमारंभाची चित्रफीत जोडणे: केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. छायाचित्रकाराच्या रॉ फाइली: डार्कटेबल.

पासवर्डसाठी कीपासएक्ससी. जुन्या पासवर्ड-व्यवस्थापकातून सीएसव्ही (साध्या मजकुराची यादी) काढून इथे आणा आणि मग ती सीएसव्ही फाइल कचरापेटीतूनही कायमची पुसा. त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात.

क्लाउड साठवणीवर थोडे थांबू. नेक्स्टक्लाउड चांगले आहे, पण त्यासाठी सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तीन संगणकांच्या कार्यालयाला सिंकथिंग पुरते: संगणक परस्परांत थेट फाइली जुळवतात, मध्ये कुणाचा सर्व्हर नसतो. लक्षात ठेवा, एकाने फाइल पुसली तर ती सगळीकडे पुसली जाते. म्हणून सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवण्याचा पर्याय चालू करा आणि वेगळा बॅकअपही घ्या: डुप्लिकाटीसारख्या प्रोग्रॅमने बाह्य डिस्कवर, आणि दुसरी डिस्क कार्यालयाबाहेर. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल प्रत्यक्ष परत काढून उघडा.

७. हिशेब आणि जीएसटी

इथे घाई करू नका. तुमचे सनदी लेखापाल टॅलीची फाइल मागत असतील तर टॅली बदलून वाचलेले पैसे त्यांच्या जादा कामात जातील. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रापे कंपनीचे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, जीएसटीसाठी त्याला इंडिया कंप्लायन्स हे जोड-ॲप आहे, आणि अनेक शाखा, गोदाम, पुस्तकविक्री, परतावा असा पसारा असलेल्या प्रकाशनाने त्याचा गांभीर्याने विचार करावा. पण ते उभे करायला जाणकार लागतो. बदलायचेच तर १ एप्रिलला, नव्या आर्थिक वर्षासोबत, लेखापालांना विचारून.

८. बदल प्रत्यक्षात कसा करायचा

एका वेळी एक प्रोग्रॅम. पहिल्या महिन्यात लिबरऑफिस सगळ्या संगणकांवर बसवा, जुने काढू नका. नवी पत्रे आणि बिले फक्त नव्यात. दुसऱ्या महिन्यात एक छोटे खरे पुस्तक पूर्ण नव्या मार्गाने छापखान्यापर्यंत न्या. दिवाळी अंकाच्या तोंडावर, म्हणजे श्रावणापासून पुढे, काहीही नवे सुरू करू नका. मोकळा वेळ जानेवारी ते एप्रिल.

कार्यालयातल्या एका माणसाला या कामाचे अधिकृत तास द्या. अडलेली प्रत्येक गोष्ट आणि तिचे उत्तर त्याने एका सामाईक फाइलमध्ये मराठीत लिहून ठेवावे: 'आकार बदलत नाही: शैलीत सीटीएल चौकट पाहा', असे. महिनाभरात ही फाइल कोणत्याही पुस्तिकेपेक्षा उपयोगी होते. ज्येष्ठ ऑपरेटरला सुरुवातीपासून सोबत घ्या. वीस वर्षांचे कौशल्य त्यांच्या नजरेत आहे, बटणांत नाही, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये तेच तुमचे काम वाचवते.

वर्गणी रद्द करण्याच्या दिवशी यादी पुन्हा बघा. त्या प्रोग्रॅमची प्रत्येक जिवंत फाइल दुसऱ्या कशात तरी उघडून पाहिली आहे का? त्या कंपनीच्या क्लाउडमध्ये काही राहिले आहे का? त्यांच्या वर्गणीतून आलेले फॉन्ट तुमच्या पुस्तकांत वापरलेले आहेत का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. वर्गणीसोबत ते फॉन्ट जातात आणि पुनर्मुद्रणाच्या वेळी पाने हलतात. रद्द केल्यावर बँकेतील किंवा यूपीआयमधील मँडेटही (आपोआप वजावटीची परवानगी) वेगळे बंद करा.

९. विंडोज, सगळ्यात शेवटी

विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ न चालणारे सुस्थितीतले संगणक अनेक ठिकाणी पडून आहेत. वर सांगितलेले बहुतेक प्रोग्रॅम लिनक्सवर तसेच्या तसे चालतात, त्यामुळे आता उडी लहान उरते. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घ्या आणि न बसवता, त्यावरूनच संगणक चालू करून पाहा. प्रिंटर, स्कॅनर, वायफाय आणि मराठी इन्स्क्रिप्ट या चार गोष्टी तपासा. डिजिटल सहीचे टोकन आणि सरकारी संकेतस्थळांची काही कामे अडू शकतात, म्हणून एक विंडोज संगणक त्यासाठी ठेवा. पहिला लिनक्स संगणक लेखन आणि मुद्रितशोधनाच्या टेबलावर द्यावा. मांडणीच्या संगणकाला नंतर हात घाला.

१०. वाचलेल्यातला वाटा

हे प्रोग्रॅम माणसे बनवतात आणि सांभाळतात. पहिल्या वर्षी जी रक्कम वाचेल तिचा एक ठरावीक भाग तुम्ही रोज वापरता त्या प्रकल्पांना द्या. लिबरऑफिस, स्क्रायबस, इंकस्केप, गिंप, क्रिता सगळे देणग्या घेतात. ज्यांना पैसे शक्य नाहीत त्यांच्याकडे मराठी आहे. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या मंचावर उघडपणे चालते आणि तिथे खाते काढून कुणालाही सूचना करता येते. जोडाक्षर चुकीचे उमटले, रफार सरकला, तर तो एक शब्द, फॉन्टचे नाव, आवृत्ती आणि पडद्याचे चित्र जोडून दोष नोंदवा. पुढच्या आवृत्तीत देवनागरी सुधारायची असेल तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना नेमके असेच उदाहरण लागते, आणि मुद्रितशोधकाइतके अचूक उदाहरण दुसरे कोणी देत नाही.